वळचणीचे दिवे

"उंचीची भीती वाटते का?"

घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, नोकरी कुठं ते नाही. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली सप्टेंबरची दुपार, दारात एक उंच, सुकलेला म्हातारा, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, आणि हा प्रश्न. माझा नवरा गोंधळून म्हणाला, "नाही." "आणि हिला?" मी म्हटलं, "मला कशाचीच वाटत नाही." खरं तर मला वाटते. पण मी पुण्याची. अनोळखी माणसापुढं असलं काही कबूल करायची आम्हाला सवय नाही. काका मागं वळून आत काकूंना म्हणाले, "ऐकतं का, चहा टाक. पोट्टे बरे दिसतात."

ज्यासाठी गेलो होतो ते भाड्याचं बेसमेंट आम्हाला दिसलं चहानंतर, आणि तेही काकूंनी आठवण करून दिली म्हणून. त्याआधी काकांनी आम्हाला अंगणात उभं करून घराची वळचण दाखवली. छपराची कड भिंतीबाहेर येते ना, तिच्या पोटाशी त्यांनी अॅल्युमिनियमची बारीक पन्हळ बसवली होती, आणि त्या पन्हळीत एलईडीची फीत. दुकानात तिला स्ट्रिप म्हणतात, रिबन म्हणतात. काकांचा शब्द फीत. दिवसा काही दिसायचं नाही. संध्याकाळी बटण दाबलं की छपराची कड, मधला तिकोन, गॅरेजची चौकट, सगळं एका रेषेत उजळायचं. "माळा लावतात लोक," काका म्हणाले, "माळ लोंबते. लोंबणारा दिवा मला आवडत नाही. घराला रेष पाहिजे." आम्ही नुसत्या माना डोलावल्या आणि घर आमचं झालं.

त्या घरात आम्ही चारेक वर्षं काढली. आता न्यू जर्सीत पिस्कॅटवेला असतो, स्वतःचं घर आहे, वळचण आहे, आणि हो, फीतही आहे. पुढं याच दिव्यांपायी काकांवर घर सोडायची वेळ आली होती. ते सांगणारच आहे. पण आधी माणूस कळला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात.

काका नागपूरचे. शिकून नोकरीसाठी इकडे आले, शिकागोच्या आसपास वीज पोचवणाऱ्या एका कंपनीत जन्मभर काम केलं आणि निवृत्त झाले. एकच मुलगी, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला, चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिला आम्ही ताई म्हणायचो. काकांचं मूळ गाव नागपूरपासून थोडं दूर. तिथं विजेचे खांब आले ते पाटलांच्या गल्लीपर्यंत. "तार आमच्या वस्तीच्या तोंडाशी आली अन् थांबली," असं ते एकदा म्हणाले होते, भाजी महाग झाली म्हणावं इतक्या साध्या आवाजात. मी पुढं काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या एका वेडाकडे मी जरा निराळ्या नजरेनं बघायला लागले.

ते वेड म्हणजे शेवटचा दिवा. फीत लांब झाली की वीज वाटेत अशक्त होते. सुरुवातीचे दिवे झगझगीत आणि शेवटचे मळके. बहुतेक लोकांना हे दिसतसुद्धा नाही. काकांना दिसायचं आणि सहन व्हायचं नाही. ते फितीला दोन्ही टोकांकडून वीज द्यायचे, म्हणजे मध्येही नाही आणि कडेलाही नाही, कुठंच फिकं पडत नाही. लावून झालं की रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे, एक डोळा मिटून आधी या टोकाकडे बघायचे, मग त्या. "सारखं आहे का?" मला विचारायचे. मला दोन्ही सारखेच दिसायचे. "हो," म्हटलं की म्हणायचे, "तुला काय कळते." मग विचारायचं तरी कशाला.

कुणाच्याही घरी गेलो, अगदी विहारात कार्यक्रमाला गेलो, तरी काकांची नजर आधी दिव्यांच्या टोकाकडे. फीत कापली की तिचं उघडं टोक सिलिकॉननं बंद करावं लागतं, नाहीतर पाणी शिरतं. ज्यानं टोक नीट बंद केलं तो माणूस विश्वासाचा, हा त्यांचा हिशेब. एका ओळखीच्या मुलासाठी स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांचं घर बघून काका परत आले आणि म्हणाले, "चांगले लोक आहेत. टोक बंद केलेलं आहे." लग्न झालं. चांगलं चाललंय. आता काय म्हणावं.

तो खिशातला टेस्टर नागपूरहून आणलेला. फितीतली वीज इतकी सौम्य की त्याला ती कळतसुद्धा नाही, तो पेटत नाही. तरी प्रत्येक जोडाला काका तो लावून बघायचेच. मी एकदा म्हटलं, "काका, तो पेटणार नाही हे तुम्हाला माहीत आहे." म्हणाले, "पेटला तर समजायचं काहीतरी चुकलं."

आणि सप्टेंबर. सगळं जग नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर थंडीत कुडकुडत दिवे लावतं. काका सप्टेंबरात लावायचे, ऊन असताना. कारण फितीच्या पाठीला जो डिंक असतो तो थंडीत धरत नाही. शिडीवर चढून वळचण आधी स्पिरिटनं पुसायची, सुकू द्यायची, मग बोटानं दाबत दाबत पुढं जायचं. गुंडाळी सोडल्याशिवाय दिवा लावून बघायचा नाही, कारण गुंडाळीतली फीत तापते. माझ्या नवऱ्यानं पहिल्याच वर्षी ती गुंडाळीतच पेटवली. काकांनी प्लग काढला आणि म्हणाले, "इंजिनियर, तुला अंगावर दहा रजया घालून पळायला लावलं तर?" तेव्हापासून माझ्या नवऱ्याचं त्या घरातलं नाव इंजिनियर. म्हणायची पद्धत अशी की ऐकणाऱ्याला वाटावं शिवीच आहे.

दिवे लागायचे विजयादशमीला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. सगळं घर निळं. आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचा नियम असा, की सणाचे दिवे थँक्सगिव्हिंगनंतर लावायचे आणि जानेवारीत उतरवायचे. आम्ही येण्याच्या खूप आधी एकदा असोसिएशनच्या बाई दारात आल्या होत्या. काकांनी त्यांना आत बसवलं, काकूंनी चहा दिला, आणि काकांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या नियमात सण म्हटलंय. कुणाचा, ते कुठं म्हटलंय?" मग छप्पन्न साली विजयादशमीला नागपुरात काय झालं होतं, कशासाठी निळा, सगळं सविस्तर सांगितलं. बाई तासाभरानं उठल्या त्या ओले डोळे पुसत, असं काकू सांगतात. काका सांगतात की त्या वैतागून उठल्या. काही असो, नियम तसाच राहिला आणि काकांचे दिवेही.

दिवाळीला ते पिवळे करायचे. मी म्हटलं, "काका, तुम्ही तर दिवाळी करत नाही." म्हणाले, "मी नाही करत. तू करते ना? खाली राहून राहिली तू, तुझ्या डोक्यावर अंधार ठेवू?" डिसेंबरात लाल-हिरवे, कारण गल्लीतल्या लोकांचा सण, गल्लीतल्या लोकांचे रंग. चौदा एप्रिलला जयंतीचे पुन्हा निळे, आणि मग बंद. आमच्यासारख्या भाडेकरूच्या दिवाळीची एवढी काळजी माझ्या सख्ख्या नातेवाइकांनीसुद्धा कधी केलेली नाही, हे मी त्यांना कधीच बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर म्हणाले असते, तुला काय कळते.

काकूंचं सांगितल्याशिवाय काका पुरे होणार नाहीत. समोर एक अमेरिकन म्हातारी राहायची, एकटी. ख्रिसमसला ती पत्र्याच्या डब्यातून कुकीज पाठवायची. आता काकूंच्या हातून डबा रिकामा परत जाणं शक्य नाही. दरवर्षी त्यातून चकल्या जायच्या, बेसनाचे लाडू जायचे. एका वर्षी म्हातारीच्या डॉक्टरनं तिला तळलेलं बंद केलं, गोडही बंद केलं. काकू दिवसभर विचारात. घरात भरपूर असं काय आहे? तर फीत आहे. त्यांनी कोथिंबीर कापायची कात्री घेतली, नव्या गुंडाळीतून हातभर फीत कापली, साडीची घडी घालावी तशी घडी घातली आणि डब्यात घालून दिली.

दुसऱ्या दिवशी काकांनी खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या पत्रपेटीवर फितीचा फुलपाखरासारखा बो बांधलेला. म्हातारीला ती शोभेची रिबन वाटली होती. काकांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला, पुन्हा बघायची इच्छा नाही. फीत कापायच्या खुणा ठरलेल्या असतात, त्या तांब्याच्या ठिपक्यांवरच कापावी लागते. काकूंनी भलतीकडेच कापली होती, त्यामुळे उरलेल्या गुंडाळीचंही टोक मेलं होतं. शिवाय बो.

"खुणेवर नाही कापलं तू," काका जेवताना म्हणाले. दिवसभरातलं पहिलं वाक्य.

"मग खुणा ठळक करायला सांगा ना त्यांना," काकू म्हणाल्या. "अन् डबा रिकामा कसा द्यायचा?"

"चिवडा देता आला असता."

"तळलेलं बंद आहे तिचं. तुम्हाला काय, तुम्ही तिच्या दिव्यांची टोकं बघता. तब्येत कोण विचारते?"

काका उठले, हात धुतले, आणि टेस्टर घेऊन समोर गेले. परत आले ते म्हातारीच्या ओट्याचं माप घेऊन. पुढच्या सप्टेंबरात समोरच्या ओट्यालाही फीत लागली आणि काकूंना जन्माची मैत्रीण मिळाली. दोघी रोज दुपारी एकमेकींकडे बसायच्या. एक इंग्रजीत बोलायची, दुसरी मराठीत. काही अडल्याचं ऐकलं नाही.

मग काका पडले.

सप्टेंबरात लावलेल्या फितीची एक क्लिप ऑक्टोबरच्या वाऱ्यात सुटली. आम्ही दोघं कामावर होतो. मी शिकागोच्या गाडीत, नवरा ऑफिसात. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर इंजिनियरनं केलं असतं. पण टोक लोंबत होतं आणि लोंबणारा दिवा त्यांना आवडत नाही. फार उंचावरून नाही पडले. शिडीच्या खालच्याच पायरीवरून पाय घसरला, पण खुब्याचं हाड गेलं. अँब्युलन्सवाले आले तेव्हा स्ट्रेचरवरून काकांनी त्यांना सांगितलं की तुमच्या गाडीच्या मागच्या दिव्यांच्या पट्टीचं शेवटचं टोक मंद जळतंय, वायर बदलून घ्या. काकूंनी हे मला फोनवर रडत रडत सांगितलं. मला हसू आलं आणि मग मीही रडले.

ताई आली. ऑपरेशन, घरी आणणं, वॉकर, नर्स, सगळं तिनं एकटीनं केलं. काम करताना तिचा चेहरा अगदी काकांसारखा व्हायचा, पण हे तिला सांगायची सोय नव्हती. ती इंग्रजीच बोलायची. मराठी समजायची सगळी, पण उत्तर इंग्रजीत. त्या दिव्यांचा तिला मनापासून राग. शाळेत असताना बसमधली मुलं त्यांच्या घराला हसायची, हे तिनं मला स्वयंपाकघरात भांडी पुसताना सांगितलं. "दर शनिवारी मला खाली उभं राहून शिडी धरावी लागायची," ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणी मॉलमध्ये जायच्या." जायच्या आधी तिनं शिडी पानं गोळा करायला येणाऱ्या माणसाला देऊन टाकली आणि आम्हा सगळ्यांदेखत वडिलांना सांगितलं, "डॅड, पुन्हा शिडीवर पाय ठेवलात तर घर विकायचं. तुम्ही दोघं सनीव्हेलला. चालेल?"

काका म्हणाले, "चालेल."

ते इतक्या पटकन हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. तिचं चुकत नव्हतंच. इथल्या हिवाळ्यात बर्फ काढायचं, मोठं घर, दोन म्हातारी माणसं, आणि मुलगी विमानाइतकी लांब. मी तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण घर विकायचं म्हटल्यावर काकू माझ्याकडे खाली येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तिथं गेलं की पोरगी सकाळी जाते अन् संध्याकाळी येते. मी दिवसभर कोणाचं तोंड पाहू? इथं माझी समोरची आहे." त्या हिवाळ्यात घर अंधारात राहिलं. चौदा एप्रिललाही. उन्हाळ्यात शेजारची शिडी मागून आणून लोंबणारी फीत इंजिनियरनं उतरवली आणि काकांनी ती बघितलीसुद्धा नाही.

सप्टेंबर आला तेव्हा ताईचा फोन आला. शिडीचा विषयच नको, ती म्हणाली, मी विचार केलाय, घर विकायचंच, थँक्सगिव्हिंगला येते, दुसऱ्या दिवशी एजंट घर बघायला येईल. काकांनी फोन ठेवला, काठी घेतली आणि आमच्या दारावर ठोठावलं.

"इंजिनियर आहे का?"

नवरा म्हणाला, "काका, मी चढतो ना. एका दुपारचं काम आहे."

"तू चढशील. मग मी काय केलं? भाडेकरूनं लावलेले दिवे दाखवू तिला? तिला वाटून राहिलं की तिचा बाप संपला."

"मग काय करायचं?"

"शिडीवर चढायचं नाही एवढंच ठरलंय," काका म्हणाले. "आपण छप्पर खाली आणू."

आणि खरंच आणलं. गॅरेजमध्ये एक हीटर, एक प्लॅस्टिकचं स्टूल, आणि स्टुलावर काका. नळाचे पांढरे पाइप आणि कोपरे आणून त्यांनी आख्ख्या घराची रेष कमरेएवढ्या उंचीची बनवली. छपराची कड, मधला तिकोन, गॅरेजची चौकट, सगळं. पाइपांवर पन्हळ, पन्हळीत फीत. गॅरेज गरम, त्यामुळे डिंक छान धरत होता. अंगणात जमीन गोठायच्या आत मी आणि नवऱ्यानं लोखंडी सळया ठोकल्या, पाइप त्यांच्यावर टोपीसारखे बसवायचे. माझं काम सळया सरळ आहेत का ते बघणं. काका खिडकीतून काठीनं खुणा करायचे, डावीकडे, अजून डावीकडे, अगं डावी म्हणजे कोणती. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, तुम्हीच या." ते आले. दोन पायऱ्या उतरायला बराच वेळ लागला आणि मला माझ्या जिभेची लाज वाटली.

त्या दिवसांत काका घाबरलेले होते. बोलायचे तेवढंच जोरात, पण मला कळत होतं. पहिल्यांदा फीत पेटवली तेव्हा एक बाजू लख्ख आणि दुसरी मळकी. जन्मभर सगळ्या जगाला शिकवलं, आणि स्वतः एकाच टोकाला वीज देऊन बसले होते. काकूंनी दारातून बघितलं आणि नुसतं म्हटलं, "तिकडचं फिकं आहे." काकांनी स्टुलावरून वाकून फितीचं दुसरं टोक चाचपलं. मग म्हणाले, "विसरलो." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, "होतं काका." ते म्हणाले, "आता नाही झालं पाहिजे. आता एकदा जरी झालं ना, तर ती म्हणते तेच खरं." त्यांनी सगळे जोड उघडले आणि पुन्हा केले, दोन दिवस लागले. वायरीला प्लगाआधी खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी झोळातूनच गळून जातं. टोकं बंद केली. टेस्टर लावला. पेटला नाही. मग रस्त्यापलीकडे म्हातारीच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी एक डोळा मिटला.

"सारखं आहे," मी आधीच म्हटलं. या वेळी ते म्हणाले, "हो ना?"

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी ताईची गाडी आली. ती उतरलीच नाही लवकर. अंगणात घरापुढं ते दुसरं, कमरेएवढं, पांढऱ्या रेषेचं घर. ती गाडीतून बघत बसली होती. उतरल्यावर तिचा पहिला प्रश्न, "शिडी कुणी आणली?"

"शिडी कुठं आहे? बघ," काका दारातून म्हणाले. "कमरेच्या वर काही नाही. बसून केलंय सगळं."

ती पाइपांच्या बाजूनं एक फेरी मारून आली. वाकून एक जोड बघितला. "ओके डॅड," एवढंच म्हणाली. जेवताना म्हणाली, "एजंट परवा येणार आहे, चारला. मी कॅन्सल केलेलं नाही." काका म्हणाले, "येऊ दे." काकूंनी तिला भात वाढला, मागितला नव्हता तरी पुन्हा वाढला. मी आमटीकडे बघत जेवले. एवढं करून काही उपयोग झाला नाही असंच मला वाटत होतं.

शुक्रवारी चारला एजंटबाई आल्या. इथं त्या दिवसांत साडेचारला अंधार पडतो, त्यामुळे त्या आतली खोली न् खोली बघून बाहेर आल्या तेव्हा काकांच्या टायमरनं दिवे लागलेले होते. मी कचऱ्याचा डबा घेऊन आवारात उभी होते, आणि तो जागेवर नेण्याची मला अजिबात घाई नव्हती. काका काठीवर, काकू शाल घेऊन दारात. बाई भल्या होत्या, हसतमुख. घराचं कौतुक केलं, स्वयंपाकघर मोठं आहे म्हणाल्या. मग अंगणाकडे हात करून ताईला म्हणाल्या, "फोटो काढायच्या आधी हे सगळं उचलावं लागेल हं. घेणाऱ्याला बाहेरून घर साधं दिसलं पाहिजे. कुणी बसवलंय हे? त्यालाच काढायला सांगू या."

ताई त्या दिव्यांकडेच बघत होती. बाईंना वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्या पुन्हा म्हणाल्या, "हे जरा जास्तच आहे ना?"

आपल्या माणसाला आपण जन्मभर नावं ठेवतो. पण परक्यानं ठेवलेलं एक नाव खपत नाही.

"माझ्या वडिलांनी बसवलंय," ताई म्हणाली. इंग्रजीतच म्हणाली, पण आवाज काकांचा. "मागच्या वर्षी त्यांचा हिप मोडला. हे त्यांनी स्टुलावर बसून केलंय. तुम्ही त्या कोपऱ्यातला दिवा बघा. आणि आता हा बघा. काही फरक दिसतो? नाही दिसणार. कुठंही जा, शेवटचा दिवा मंद असतो. इथं नाही. दोन्हीकडून पॉवर दिलीय, वायर जाड घेतलीय, प्रत्येक जोड बंद केलाय. ही वायर खाली का लोंबतेय माहितेय? पाणी इथून गळतं, प्लगात जात नाही." तिनं त्या बाईंना हाताला धरून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. तिकोनापाशी थांबून डिंकाबद्दल सांगितलं, थंडीत तो का धरत नाही तेही सांगितलं. बाई मान हलवत होत्या. काका तोंड उघडं टाकून ऐकत होते. शाळेत असताना दर शनिवारी शिडी धरून खाली उभी असलेली ती पोरगी एक शब्दही विसरलेली नव्हती.

"हे निघणार नाही," ताई शेवटी म्हणाली. "आणि तुम्हाला उगाच त्रास दिला, त्याबद्दल सॉरी. आम्ही विकत नाही आहोत."

बाई गेल्या. काकू दारातच खाली बसल्या. ताई परत आली, वडिलांपुढं उभी राहिली आणि अडखळत, शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी छपरावर लावू. मी येईन. शिडीवर मी चढते. तुम्ही खालून सांगा."

काकांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, आणि परत घालायचं विसरून, तसाच हातात धरून, लेकीच्या खांद्याला धरत पायऱ्या चढून घरात गेले.